डाळ-भाजीचे दाट कालवण : एका भांड्यात घरभराचे जेवण



शेतकी खात्याच्या या पानावर बेणेप्रक्रिया, पाचट, खोडवा व्यवस्थापन हेच विषय यायचे. यावेळी इथे चूल पेटलेली पाहून काही मंडळी हसतील. हसू द्या. आम्ही ऊस नोंदीसाठी वस्त्या-वस्त्यांवर हिंडणारी माणसे. दुपारची भाकरी बहुतेक वेळा सभासदाच्याच घरी होते, आणि ताटात काय बदलत गेले ते आम्ही जवळून पाहिलेले आहे.

पूर्वी कोरडवाहू रानात तूर, मूग, उडीद, मटकी, हरभरा असे सगळे थोडे थोडे असायचे. घरची डाळ भरडायची आणि मडक्यात भरून ठेवायची. विहिरीला पाणी लागले, ऊस आला, चार पैसे दिसले. ते चांगलेच झाले. ऊस वाढवा असे सांगत फिरणारे आम्हीच होतो. पण उसाबरोबर रानातली डाळ गेली. आता ती दुकानातून किलोवर येते, आणि विकतची म्हणून वरण दिवसेंदिवस पातळ होते. दहा एकर उसाच्या मालकाच्या घरी ताटलीत पिवळे पाणी आणि शेजारी मिरचीचा ठेचा, हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

आज जे कालवण सांगायचे आहे ते काही परमुलखातले नाही. परळी-अंबाजोगाई भागात आणि तिकडे लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्येला शेतात जी भज्जी होते, तिचेच हे रोजच्या चुलीवरचे भावंड समजा. ओल्या तुरीचे सोले, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, हाताला लागेल ती भाजी, बेसन आणि चिंच. मार्गशीर्षातल्या त्या एका दिवशी सगळे गाव पोटभर खाते आणि मग वर्षभर विसरते. आमचे म्हणणे एवढेच की तसले भांडे आठवड्यातून तीनदा चढावे. याला दूध, दही, तूप काहीच लागत नाही. म्हैस आटलेली असली तरी अडत नाही.

आधी आमची फजिती सांगतो. गेल्या हिवाळ्यात एका गावी मेळाव्यानंतर हे कालवण करून दाखवायचे आम्ही ठरवले. घाईत डाळ, टोमॅटो, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा असे सगळे एकदमच पातेल्यात टाकले आणि वरून बोअरचे पाणी ओतले. तासभर जाळ घातला, पण डाळ टणक ती टणकच. शेवटी एक आजी पुढे आल्या. "काय करायलात साहेब? आंबट आधी घातलं की डाळ रुसते." मंडळी पोट धरून हसली. आजींचे बरोबर होते. आंबटाने दाण्याची भिंत मऊ पडत नाही. गुळाचेही तसेच. आणि आपल्याकडच्या बऱ्याच विहिरी-बोअरचे पाणी जड, त्यात चुना जास्त, म्हणून त्यात डाळ लवकर शिजत नाही. यावर सोडा टाकायची सवय काही घरांत आहे, ती सोडा. सोड्याने डाळ मऊ होते खरी, पण तिच्यातले ब-१ जीवनसत्त्व नासते. त्यापेक्षा पिण्याचे गोड पाणी घ्या आणि डाळ तासभर भिजू द्या.

आता सहा माणसांचे माप. तूरडाळ २०० ग्रॅम, मसूरडाळ १०० ग्रॅम. धुऊन भिजवावी, मग हळद आणि चमचाभर तेल घालून दीड लिटर पाण्यात शिजवावी. कुकरला तीन-चार शिट्ट्या पुरतात. चुलीवर पाऊण तास धरा. शिजली की रवीने घोटून ठेवावी.

भाजी सगळी मिळून किलोभर. लाल भोपळा, गाजर, शेवग्याच्या शेंगा, वांगी, दोडका, वालाच्या शेंगा यांतले जे असेल ते. अमुकच पाहिजे असा हट्ट नको. मोठ्या पातेल्यात तीन मोठे चमचे करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल तापवून मोहरी, जिरे, ठेचलेला दहा-बारा पाकळ्या लसूण, हिंग आणि दोन कांदे परतावेत. आधी कठीण भाजी टाकावी, दोन मिनिटांनी मऊ भाजी आणि ओले सोले. लिटरभर गरम पाणी घालून झाकण ठेवावे. गाजर बोटाने दबले की घोटलेली डाळ ओतावी. येसर घरात असेल तर दोन चमचे पाण्यात कालवून घालावा. वास तर येतोच, शिवाय कालवण दाट होते. येसर नसेल तर काळा मसाला आणि चमचाभर बेसन. मग मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट आणि मीठ.

चिंच आता, शेवटी. लिंबाएवढी चिंच भिजवून तिचा कोळ घालावा, हवा तर वाटाण्याएवढा गूळ. (साखर कारखान्याचा माणूस गोड कमी घाला म्हणतो, याची नोंद घ्यावी.) पाच मिनिटे उकळी आली की मेथी, पालक किंवा चुका चिरून टाकावा आणि जाळ ओढून घ्यावा. पालेभाजी जास्त शिजवण्यात अर्थ नाही. ताटात कोथिंबीर आणि लिंबाची फोड.

हे वाढायचे ज्वारीच्या भाकरीवर. आपण उसाला नुसता युरिया घातला तर पाला काळाभोर होतो, पण स्फुरद-पालाश नसेल तर वजन आणि उतारा मिळत नाही. अंगाचे तसेच आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन नावाचा घटक कमी, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनीन कमी, ते ज्वारीत आहे. दोन्ही एकत्र खाल्ले म्हणजे एकमेकांची उणीव भरून निघते. हिशेबच करायचा तर वरच्या मापात डाळीतून सुमारे ६५ ग्रॅम आणि शेंगदाण्यातून १२ ग्रॅम प्रथिने येतात, म्हणजे माणशी १२-१३ ग्रॅम. दोन भाकरींचे १५ धरा. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम लागतात. अर्ध्याहून जास्त काम एका जेवणात झाले. लिंबामुळे डाळ-पाल्यातले लोह अंगी लागते. मात्र जेवणावर लगेच चहा घेतला तर ते तसेच वाया जाते. घरातल्या बायाबापड्यांना, विशेषतः लेकुरवाळीला, ही गोष्ट आवर्जून सांगा. वरचे पाणी तिला आणि तळाचा गाळ पुरुषाला, अशी वाढणी काही घरांत अजून आहे, ती आम्हाला बरी वाटत नाही.

आता डाळ रानात परत कशी आणायची? ऊस कमी करा असे आम्ही म्हणत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी लागणीत वरंब्याच्या बगलेला हरभऱ्याची ओळ टोका. मोठ्या बांधणीच्या आत तो निघतो आणि मुळावरच्या गाठींनी जमिनीला नत्र देतो. पाण्याचा मारा केला तर उभळेल, तेवढे सांभाळा. तूर उसात नको, सावली करते. ती बांधाला लावा. बदनापूर केंद्राचा बीडीएन ७११ हा पांढऱ्या दाण्याचा वाण आपल्या भागात चालतो. टू-फोर-डी मारायचे असेल तर हरभरा पेरूच नका, जळून जाईल. आणि ज्या सरीत तणनाशक मारले, तिथली तांदुळजा-घोळ कितीही कोवळी दिसली तरी खुडू नका.

जाता जाता तोडणीच्या टोळ्यांबद्दल. ही माणसे बहुतेक आपल्याच जिल्ह्यातली. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, मग दिवसभर फडात मोळ्या बांधते. तिच्याकडे एक चूल, एक पातेले. तिला तूर शिजवायला जळण आणि वेळ नसतो. मसूरडाळ मात्र पाऊण तासाऐवजी वीस मिनिटांत शिजते, आणि बांधावरची दोन वांगी, चार शेंगा त्यात पडल्या की पोरांचे जेवण होते. एका फडावर आम्ही हे सांगत होतो तेव्हा एक बाई म्हणाली, "ते समदं करताव, पण पाणी तेवढं गोड द्या."

तोड चालू असेल तेव्हा पिण्याच्या पाण्याचा एक ड्रम फडाजवळ भरून ठेवावा. डाळ त्यातच शिजवायची आहे.