रूट ६६ : नकाशातून पुसलेला, गावांनी राखलेला

या खेपेच्या टपालात अमेरिकेतल्या एकाच रस्त्याबद्दल इतकी पत्रं आली, की सगळी जागा त्यालाच दिली आहे. रूट ६६ला ११ नोव्हेंबर १९२६ रोजी सरकारी क्रमांक मिळाला. शिकागोपासून कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकापर्यंत आठ राज्यं आणि सुमारे ३,९४० किलोमीटर असा त्याचा पल्ला. २०२६ हे त्याचं शताब्दी वर्ष.

मुलगा शिकागोला असतो. फोनवरच्या नकाशात ‘रूट ६६’ टाकलं, तरी फोन आम्हाला पुन्हा पुन्हा द्रुतमार्गावरच नेतो. हा रस्ता खरंच शिल्लक आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

फोनला दोष देऊ नका. सरकारदरबारी हा रस्ता २७ जून १९८५ पासून अस्तित्वातच नाही. त्या दिवशी त्याचा क्रमांक रद्द झाला. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत आंतरराज्य द्रुतमार्गांचा कायदा झाला आणि पुढच्या तीसेक वर्षांत पाच द्रुतमार्गांनी मिळून ६६चं काम काढून घेतलं. शेवटी वळसा पडला तो अ‍ॅरिझोनातल्या विल्यम्स गावाला, ऑक्टोबर १९८४ मध्ये.

डांबर मात्र जागच्या जागी राहिलं. जुन्या रस्त्याच्या बऱ्याच भागावरून आजही गाडी जाते, पण सलग नाही. कुठे तो गावातला मुख्य रस्ता असतो, कुठे द्रुतमार्गाला खेटून जाणारा सेवारस्ता, तर कुठे शेताच्या कुंपणाशी मुकाट्यानं संपतो. ‘ऐतिहासिक रूट ६६’ अशा तपकिरी पाट्या दिसल्या, की आपण बरोबर आहोत असं समजावं.

दुसरा गुंता असा, की हा रस्ता वेळोवेळी कूस बदलत गेला. न्यू मेक्सिकोत १९३७ पर्यंत तो वळसा घेऊन सांता फे शहरातून जायचा. मग सरळ पूर्व-पश्चिम मार्ग झाला. त्यामुळे अल्बुकर्कीत सेंट्रल अव्हेन्यू आणि फोर्थ स्ट्रीटच्या चौकात रूट ६६ स्वतःलाच छेदतो! म्हणून नकाशात रस्त्याचं नाव टाकू नका, पुढच्या गावाचं टाका आणि ‘महामार्ग टाळा’ हा पर्याय सुरू ठेवा. सोबत वळणावळणाचा तपशील देणारं छापील मार्गदर्शक पुस्तक असू द्या.

६६ हा आकडा मुद्दाम निवडला होता का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

मुळात हवा होता ६०. पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम आणि उत्तर-दक्षिण रस्त्यांना विषम क्रमांक द्यायचे, असं ठरलं होतं. त्यातही देश ओलांडणाऱ्या मोठ्या रस्त्यांना शून्यानं संपणारे आकडे मिळणार होते. ओक्लाहोमातल्या टल्साचे सायरस एव्हरी क्रमांक ठरवणाऱ्या मंडळींत होते आणि त्यांनी शिकागो-लॉस एंजेलिस रस्त्यासाठी ६० धरून ठेवला होता. केंटकीच्या गव्हर्नरांनी हरकत घेतली : आमच्या राज्याच्या वाट्याला शून्याचा एकही मोठा रस्ता नाही, तेव्हा ६० आम्हाला द्या. बरीच ओढाताण झाली. अखेर ३० एप्रिल १९२६ रोजी मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एव्हरी आणि सहकाऱ्यांनी मोकळा असलेला ६६ पत्करला. तडजोडीतून आलेला हा आकडा पुढे मूळच्या ६०पेक्षा कितीतरी गाजला. एव्हरी स्वतः टल्साचे आणि रस्ताही टल्सावरूनच गेला, हे ओघानं आलंच.

स्टाइनबेक यांच्या कादंबरीत या रस्त्यावरून निघालेलं शेतकरी कुटुंब भेटलं. ते चित्र कितपत खरं?
— एक सेवानिवृत्त शिक्षक, नाशिक

चित्र खरं आहे. १९३०च्या दशकात मंदी, दुष्काळ आणि धुळीची वादळं एकत्र आली. ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांतली हजारो कुटुंबं जमीन गमावून मोडक्या गाड्यांवर बिऱ्हाड लादून कॅलिफोर्नियाकडे निघाली. ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी १९३९ साली आली. रस्त्याला ‘मदर रोड’ हे नाव तिनंच दिलं. ते आता भेटवस्तूंच्या दुकानांत कपांवर छापून विकतात, पण त्यामागे विस्थापितांचे लोंढे आहेत. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांनी आपल्या हद्दीबाहेर, थेट राज्याच्या सीमेवर १३६ पोलीस पाठवले होते, खिशात पैसे नसलेल्यांना परत फिरवायला.

‘ग्रीन बुक’ चित्रपट पाहिला. तो दक्षिणेतला. रूट ६६वर कृष्णवर्णीय प्रवाशांची काय स्थिती होती?
— एक वाचक, नागपूर

रस्ता सर्वांचा होता, खोली आणि ताट सर्वांसाठी नव्हतं. वाटेवरच्या अनेक गावांत कृष्णवर्णीयांनी सूर्यास्तानंतर थांबायचं नाही, असा दंडक होता. पेट्रोल विकत मिळे, पण त्याच पंपावरचं स्वच्छतागृह वापरू देत नसत. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारे पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका काढायला सुरुवात केली ती याच अडचणीवर. कुठे उतरायचं, कुठे जेवायचं, याची ती यादी. ओक्लाहोमात ल्यूथर गावाजवळ थ्रेट या कृष्णवर्णीय कुटुंबाचा वालुकाश्मात बांधलेला पेट्रोलपंप अजून उभा आहे. बहुतेक पर्यटक त्याच्यावरून भरधाव निघून जातात. तुम्ही थांबा.

अ‍ॅरिझोनातलं उल्काविवर याच वाटेवर आहे ना? आमच्या लोणारपेक्षा मोठं आहे का?
— एक वाचक, बुलढाणा

मोठं लोणारच! आपल्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, विन्स्लोजवळच्या त्या विवराचा सुमारे १.२ किलोमीटर. लोणार काळ्या बेसाल्टमध्ये झालं, तिथला खडक चुनखडी आणि वालुकाश्माचा. तिथे तळं नाही. वाळवंटातल्या कोरड्या हवेमुळे सुमारे ५०,००० वर्षांनंतरही कडा जेमतेम झिजली आहे. अपोलो मोहिमांचे अंतराळवीर तिथे सरावाला जात. जागा खाजगी मालकीची असल्यानं तिकीट काढावं लागतं.

जवळच जुन्या ६६च्या कडेला एक पडकी दगडी इमारत दिसते. हार्वी निनिंगर या उल्कातज्ज्ञांनी १९४६ साली तिथे संग्रहालय उघडलं होतं. पुढे रस्ता सरकला, गाड्या थांबेनाशा झाल्या आणि १९५३ साली संग्रहालय सेडोनाला हललं. या रस्त्याचा सगळा इतिहास त्या भिंतींत आहे : वाहतूक वळली, की कडेच्यांचं पोट जातं.

सातच दिवस आहेत. सोबत ‘कार्स’ चित्रपटानं वेडा झालेला नातू आणि शाकाहारी आजी. काय करावं?
— एक वाचक, ठाणे

शिकागो-सँटा मोनिका हा हट्ट सोडा. सात दिवसांत नुसती चाकं फिरतील. अल्बुकर्की ते कॅलिफोर्नियाची सीमा एवढंच धरा.

नातवासाठी हॉलब्रूकचं विगवॅम मोटेल. १९५०च्या या काँक्रीटच्या तंबूवजा शंकूंवरून चित्रपटातलं मोटेल सुचलं. मात्र त्याला सांगा, की या भागातले नावाहो किंवा प्युब्लो लोक अशा तंबूत कधीच राहत नव्हते, ही मोटेलवाल्याची क्लृप्ती. जवळच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात दगड झालेली झाडं आहेत आणि जिथून जुना ६६ जायचा तिथे १९३२ची गंजकी स्टुडबेकर ठेवली आहे. विल्यम्सहून ग्रँड कॅन्यनला आगगाडी जाते.

मग सेलिगमन. २२ सप्टेंबर १९७८ रोजी द्रुतमार्ग सुरू झाला आणि गावातली वर्दळ एका दिवसात आटली. तिथले न्हावी एंजल डेलगाडिलो यांनी १९८७ साली गावकऱ्यांना जमवून संघटना उभारली आणि राज्य सरकारला रस्ता ‘ऐतिहासिक’ घोषित करायला लावलं. ‘कार्स’च्या दिग्दर्शकानं गावाची ही कहाणी त्यांच्याकडूनच ऐकली. सेलिगमनपासून पश्चिमेला राज्याच्या सीमेपर्यंत सुमारे २५० किलोमीटर जुना रस्ता सलग मिळतो. त्यात ओटमनच्या घाटातली वळणं आहेत आणि गावात मोकाट फिरणारी गाढवंही.

आजींना न्यू मेक्सिकोत ‘लाल की हिरवी?’ असं विचारतील. प्रश्न मिरचीच्या रश्श्याचा आहे. ‘ख्रिसमस’ म्हणा, दोन्ही मिळतील. पण रश्श्यात मांस आणि घोटलेल्या राजम्यासारख्या कडधान्यात डुकराची चरबी असू शकते, तेव्हा आधी विचारा. एका शहरात घेतलेली भाड्याची गाडी दुसऱ्या शहरात सोडली तर जादा आकार पडतो, तो आरक्षणाआधी पाहा. उन्हाळ्यात मोहावी वाळवंट टाळा. हिवाळ्यात फ्लॅगस्टाफला बर्फ पडतो, म्हणून एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम.

पुढच्या पत्रांत प्रवासाचा महिना, हाताशी असलेले दिवस आणि सोबतच्यांची वयं जरूर कळवा. आणि वाटेत रात्रीचा मुक्काम द्रुतमार्गावरच्या साखळी हॉटेलात नको, गावातल्या जुन्या मोटेलात करा. हा रस्ता तेवढ्यावरच तगून आहे.