मुलांस विक्रीचे शिक्षण

शेतकऱ्याचा मुलगा पेरणी-काढणी घरी पाहून शिकतो. मात्र माल विकावा कसा, हे त्यास कोणी शिकवीत नाही. पुढे जमीन त्याच्या नावे होते आणि भाव ठरवितो दुसराच.

घाटकोपर येथील शाळेत शिकणाऱ्या तिलक मेहता या तेरा वर्षांच्या मुलाने २०१८ साली त्याच दिवशी पार्सल पोहोचविण्याचा धंदा मुंबईत उभा केला. नातेवाइकांकडे राहिलेली पुस्तके आणविण्यास फार खर्च पडतो, ही त्याची स्वतःची अडचण होती. त्याने नवी माणसे नेमण्याऐवजी डबेवाल्यांशी ठरविले. त्यांच्या वाटा तर १८९० पासून बसलेल्या! हे डबेवाले बहुतांशी मावळ, खेड, जुन्नरकडील शेतकरी घराण्यांतले, हेही ध्यानी घ्यावे. अठरा वर्षांखालील मुलाचा करार कायद्याने टिकत नाही. म्हणून कारभार पाहण्यास बँकेतील एक अनुभवी गृहस्थ आले.

आपल्या मुलामुलींस आम्ही एवढेच सुचवितो. त्यांस एक गुंठा मेथी व एक वही द्यावी. समजा, २०० जुड्या १० रुपयांप्रमाणे विकल्या, आले २,०००. बियाणे २५०, खत १५०, मजुरी ७००, टेम्पो ३००, हमाली १००. खर्च १,५००, नफा ५००. घरच्या माणसांची मजुरीही मजुरीतच धरावी. बहुतेक घरी हिशेब येथेच चुकतो. आता ४० जुड्या सुकल्या असे धरा. आवक १,६०० झाली, नफा १०० उरला. मालाचा पाचवा हिस्सा गेला, पण नफ्याचे पाचांपैकी चार हिस्से गेले. हे मुलाने स्वतः मांडले म्हणजे पहाटे माल ओल्या गोणपाटाखाली का ठेवावा, हे सांगावे लागत नाही.

२०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, तेव्हा मुलुंड-बोरिवलीच्या गिऱ्हाइकास थेट माल देता येतो. सुट्टीच्या दिवशी मुलास सोबत न्यावे. निम्मी मेथी निवडून, निम्मी तशीच ठेवावी आणि कोणती कितीस गेली ते त्यानेच टिपावे. चौदा वर्षांखालील मुलाने घरच्या धंद्यात मदत करावयाची ती शाळेची वेळ सोडून, असे कायदाही सांगतो.

नफा मुलाच्या हाती द्यावा. तोटा आल्यास बापाने आपल्या खिशातून भरू नये. पुढील वाफ्याच्या हिशेबात तो वळता करून घ्यावा.