सम्यक वाचा आणि आपली मुले



खोटे बोलणे, चहाडी, कठोर वाणी आणि व्यर्थ बडबड टाळणे म्हणजे सम्यक वाचा. हे आपल्याला पाठ आहे. आज ते एका घटनेवर तपासू.

सप्टेंबर २०१०. न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात टायलर क्लेमेंटी हा १८ वर्षांचा समलैंगिक विद्यार्थी नुकताच राहायला आला होता. रूममेटने वेबकॅमवरून त्याचे खाजगी क्षण पाहिले आणि ट्विटरवर त्याची टिंगल केली. काही दिवसांतच टायलरने आत्महत्या केली. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसते. पण छळ आणि एकटेपणा धोका वाढवतात. तो रूममेट आपल्यासारख्याच स्थलांतरित भारतीय कुटुंबात वाढलेला होता. म्हणजे आपले मूल या घटनेत कोणत्याही बाजूला असू शकते.

लहानपणी बाबासाहेबांना वर्गात कोपऱ्यात गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने नळ सोडला नाही तर तहान तशीच राही. जन्माने मिळालेल्या गोष्टीसाठी अपमान म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

"हा आजार आहे का?" असे पालक विचारतात. नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले. त्या निकालाचा एक आधार संवैधानिक नैतिकता होता. बाबासाहेबांनी हीच संकल्पना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडली होती.

माझी एक चूक सांगतो. एका गेट-टुगेदरमध्ये कोणीतरी "बायल्या" म्हणून विनोद केला, मीही हसलो. शेजारचा एक मुलगा ताट घेऊन उठून गेला. मी त्याला काही विचारले नाही. बोलणारा दुसरा होता, पण माझे हसूही कठोर वाणीच होते.

या महिन्याचा अभ्यास:

१. असा विनोद झाला तर हसू नका. मुलांसमोरच शांतपणे थांबवा.

२. मुलाने मन मोकळे केले तर आधी ऐका. "लोक काय म्हणतील" हे वाक्य टाळा. ट्रेव्हर प्रोजेक्टच्या २०१९ च्या अभ्यासात, स्वीकारणारी एक जरी मोठी व्यक्ती असलेल्या मुलांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रमाण ४० टक्के कमी आढळले.

३. मूल गप्प झाले, झोप-जेवण बिघडले, तर स्पष्ट विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने धोका वाढत नाही. अमेरिकेत ९८८ वर दिवसरात्र मदत मिळते.

ती एक मोठी व्यक्ती आपण होऊ या.

भवतु सब्ब मंगलं!