पिशव्या लॉकरमध्ये ठेव, धाकटे

धाकटे,

परवा फोनवर भिशी लागल्याचं सांगितलंस आणि त्याच दमात म्हणालीस, "ताई, या पैशात सगळ्यांना हैदराबादला नेते, वंडरलाला. पोरं दोन वर्षांपासून मागं लागलेत. मी बसंन कुठंतरी सावलीत, सामान सांभाळत." फोन ठेवला, पण ते शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना. गाडी, तिकिटं, डबा हे सगळं सांगतेच. मोठी बहीण असून नाही सांगायचं तर कुणी सांगायचं? पण मला बोलायचंय ते त्या वाक्याबद्दल.

तुला परभणीचा उरूस आठवतो? फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या दर्ग्याजवळ भरायचा, अजूनही भरतो. तेव्हा टीव्हीवर एस्सेलवर्ल्डची जाहिरात लागली की आपण दोघी हातातलं ताट तसंच धरून बघत बसायचो. ते मुंबईत गोराईला १९८९ साली सुरू झालेलं, आपल्यासाठी परदेशच. आपला पार्क म्हणजे उरूस. आकाशपाळणा, मौत का कुआँ, मीनाबाजारातल्या बांगड्या, आणि आपल्या वडिलांच्या खिशातल्या पैशांत बसतील तेवढ्या फेऱ्या. पाळणा वर गेला की तू डोळे मिटून माझा दंड धरायचीस आणि मी खाली बघायचे. खाली आई असायची. दोन्ही हातांत आपल्या चौघांच्या चपला, काखेत कापडी पिशवी, आणि मान वर. चपला पाळण्यातून पडतील म्हणून ती काढून घ्यायची. दरवर्षी त्याच जागी. एवढ्या वर्षांत ती एकदाही पाळण्यात बसली नाही, आणि बसतेस का असं आपणही तिला कधी विचारलं नाही.

मी स्वतः आई झाल्यावर पहिल्यांदा पोरांना घेऊन एका वॉटरपार्कात गेले तेव्हा काय केलं असेल? बाकावर बसले. सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत. टॉवेल, कोरडे कपडे, सगळ्यांचे मोबाईल, तुझ्या दाजींचं पाकीट, सासूबाईंच्या गोळ्या. कुणी बस म्हणालं नव्हतं बरं का. दाजी दोनदा बोलवायला आले, मीच म्हटलं, तुम्ही जा, मी आहे इथं. दुपारी धाकटी पोर निथळत धावत आली. "आई, बघितलंस का? मी एकटी आले घसरत, त्या उंचावरनं!" मी बघितलं नव्हतं. त्या वेळी मी टॉवेल मोजत होते, एक कमी लागत होता. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न बोलता परत पाण्याकडं गेली. घरी येऊन फोटो पाहिले तर त्या अख्ख्या दिवसात मी कुठंच नाही. एका फोटोच्या कोपऱ्यात पिशवीचा बंद तेवढा दिसतो.

म्हणून तुला सांगते, अशा पार्कांत लॉकर भाड्यानं मिळतो. आत शिरल्या शिरल्या पहिलं काम तेच कर. सगळ्या पिशव्या त्यात कोंब, किल्ली मनगटाला बांध आणि हात मोकळे ठेव. पोरांच्या चिप्सवर आपण सहज खर्च करतो, लॉकरच्या पैशाला मात्र नको म्हणतो. तिथं काटकसर करू नकोस.

आता कपडे. इथंच आपण बायका अडकतो. पाण्याच्या खेळांना सुती कपडे चालत नाहीत. साडी, ओढणी, सलवार, जीन्स काहीच नाही. नायलॉन नाहीतर पॉलिस्टरचंच लागतं. हा नियम आपल्याला अवघडवायला केलेला नाही. सुती कापड पाणी पितं, जड होतं, घसरगुंडीवर अडकतं, त्याचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रात जातात. आणि पदर किंवा ओढणी कुठं अडकली तर गळ्याशीच येतं. पण हे ठाऊक नसलं की बाई दारापर्यंत पंजाबी ड्रेसमध्ये जाते, तिथं कळतं, आणि "जाऊ द्या, तुम्ही जा" म्हणून बाकावर बसते. म्हणून कपडे इथूनच घेऊन जा. पूर्ण बाह्यांचे, गुडघ्यापर्यंत झगा आणि खाली घोट्यापर्यंत पँट असे पोहण्याचे ड्रेस आता सर्रास मिळतात. अंगाला चिकटत नाहीत, उघडं काही दिसत नाही.

आणि लाज वाटेल म्हणतेस ना, तर एक आठव. पर्वणीला गंगाखेडला आपण गंगेत उतरतो. हजारो माणसं घाटावर असतात, साडी भिजून अंगाला चिकटलेली असते, तरी आपण नाक धरून डुबकी मारतोच की. तुझ्या सासूबाई, आपल्या आत्याबाई, तर तीन मारतात. तिथं कुणाला काही वाटत नाही, कारण सगळेच भिजलेले असतात. पार्कातही सगळेच भिजलेले असतात गं.

आत्याबाईंचं मन राखायचं तर तुझ्या आधी त्यांच्यासाठी ड्रेस घे. खरंच. सुनेनं घातलं आणि सासू कोरडी बसली की घरी आल्यावर तो विषय महिनाभर पुरतो. पाहुण्यांनाही, म्हणजे तुझ्या नवऱ्यालाही, आधीच बोलून ठेव, दारात उभं राहून नको. मी घालणार आहे, आत्याबाईंनाही घेतलाय, एवढंच सरळ सांग.

अजून एक, फक्त तुझ्या माझ्यातलं. तारखा बघून तिकीट काढ. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या कुणाचं ऐकून मेडिकलमधून आणू नकोस. घ्यायच्याच असतील तर डॉक्टरीणबाईंना विचारून घे. आणि अंगावरचं सोनं घरीच ठेव. मोठं मंगळसूत्र घसरगुंडीवर अडकतं किंवा पाण्यात जातं, मग सगळी सहल ते शोधण्यात संपते. काळ्या मण्यांची साधी पोत पुरे.

तू वंडरला म्हणालीस, पण कुठं जायचं यावर तुझं आणि पाहुण्यांचं अजून ठरत नाही असं दिसतंय. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, मोठं आहे, पण आपल्याकडून लांब पडतं. दोन दिवसांत पोरांचे हाल होतील. आत्याबाईंना शिर्डीच हवी असेल तर तेही वाईट नाही. पाथरी साईबाबांचं जन्मगाव, अशी आपल्याकडं श्रद्धा आहेच, आणि आता शिर्डीतच वेट अँड जॉय वॉटरपार्क आणि साईतीर्थ आहे. नगरसोलला उतरलं की शिर्डी जवळ. कमी पैशात, कमी दमणुकीत होतं.

हैदराबादचंच पक्कं असेल तर रामोजी की वंडरला, एकच निवड. दोन्हींना अख्खा अख्खा दिवस लागतो, एका दिवसात दोन करणाऱ्यांचं एकही धड होत नाही. रामोजी १९९६ सालचं, जगातली सगळ्यात मोठी फिल्मसिटी म्हणून गिनीजमध्ये नाव आहे. आत बसमधून फिरवतात, बाहुबलीचा सेट दाखवतात. मोठ्यांना ते फार आवडतं. पण तुझी पोरं सहा आणि नऊ वर्षांची. त्यांना बघायचं नसतं, त्यांना चढायचं, घसरायचं, भिजायचं असतं. मी तर वंडरलाच म्हणीन. शहराबाहेर, आउटर रिंग रोडला लागून रावीर्यालला आहे, २०१६ पासून. ही केरळची कंपनी, कोचीला २००० साली पहिला पार्क काढला, नंतर बंगळुरू, मग हैदराबाद.

अजिंठा एक्स्प्रेस रात्री तुमच्या सेलूवरनं जाते आणि सकाळी हैदराबादेत उतरवते. पोरं झोपेतच पोचतील. आपल्या आजोबांच्या पिढीला हैदराबाद म्हणजे राजधानीच होती, १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाकडंच होता ना. दवाखाना म्हटलं की आजही आपली माणसं तिकडंच निघतात. तेव्हा परकं काही वाटणार नाही. पाहुण्यांना एक दिवसाची रजा टाकायला लाव. गुरुवारी रात्री निघा, शुक्रवारी पार्क, शनिवारी चारमिनार, आणि परत. शनिवार-रविवारी अख्खं हैदराबाद तिथं लोटतं, एकेका खेळाला इतका वेळ रांगेत जातो की पोरं रडकुंडीला येतात. त्याहून चांगलं म्हणजे दिवाळीची सुट्टी. तेलंगणात शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, बतुकम्माच्या वेळी असते, दिवाळीत थोडीच. म्हणजे आपली पोरं मोकळी आणि तिकडची शाळेत. सोयाबीनही तोवर घरात आलेलं असतं, तुझ्या सासरच्यांचा जीवही वावरात अडकणार नाही.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हे आधीच सांगते. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर ने, पण ती गाडीत आणि सकाळी पार्कात शिरायच्या आधी संपवायची. पोटभर खाऊन आत गेलं की दुपारपर्यंत कुणी काही मागत नाही. मात्र खाल्ल्या खाल्ल्या गरगर फिरणाऱ्यात बसवू नकोस. आधी पोरांच्या छोट्या खेळांकडं जा. पाण्याचे खेळ तसेही थोडे उशिरा सुरू होतात आणि संध्याकाळच्या आधी बंद होतात. त्याची वेळ दारातच विचारून घे, नाहीतर दिवस कोरड्या खेळांत जाईल आणि नेमकं पाणी राहील.

उंचीचं काम मात्र आजच कर. टेप घे आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं दोन रेघा मार, एक ८५ सेंटीमीटरला, एक १४० ला. तिथं तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं. ८५ च्या खालच्यांना तिकीट नाही, १४० पर्यंत लहान मुलांचं, वर गेलं की मोठ्यांचं. आणि मोठे, भीतीचे पाळणे १४० च्या खाली देतच नाहीत. तुझ्या थोरल्यानं मोबाईलवर त्या उलट्या जाणाऱ्या रोलर कोस्टरचे व्हिडिओ बघून ठेवलेत, तो त्यातच बसायचं स्वप्न बघतोय. त्याला घरातच त्या रेघेखाली उभं कर. अजून बराच कमी भरेल. समजावून सांग, की त्यात खांद्यावरनं अडकवायची दांडी मोठ्या माणसाच्या मापाची आहे, तुझ्या अंगावर ती घट्ट बसत नाही, मधे फट राहते. घरी रडला तर रडू दे. दोन दिवसांत सावरेल, आणि मग काय काय मिळणार आहे याची यादी करत बसेल. रांगेत तासभर उभं राहून अगदी पुढं पोचल्यावर, सगळ्यांदेखत "बेटा, तू नाही" ऐकावं लागलं, तर त्या पोराचा अख्खा दिवस जातो. माझ्या थोरल्याचा गेलाय. चूक माझी होती, मी मापलं नव्हतं.

आत्याबाईंना बीपी आहे, त्यांना झटक्याच्या कुठल्याच खेळात बसवू नका, त्या कितीही "मला काय होतंय" म्हणाल्या तरी. पण त्यांच्यासाठी खूप आहे. संथ वाहत्या पाण्यात रबरी चाकावर बसून फिरायचं असतं, त्यात त्या रमतील. रेन डिस्को असतो, वरनं पाऊस आणि खाली गाणी. हळदीला त्या कशा नाचतात ते मी पाहिलंय.

आणि तू लाटांच्या तळ्यात जा. दुसऱ्या खेपेला मी गेले होते. काठाला पाणी घोट्याएवढं असतं, मग घाटाच्या उतारासारखी फरशी हळूहळू खाली जाते. कंबरेएवढ्या पाण्यात उभी होते तेव्हा भोंगा वाजला. सगळीकडून पोरं ओरडत पळत आली आणि पहिली लाट पायाखाली शिरली. टाचा उचलल्या, मग बोटंही. घरातलं, बाहेरचं, कुणाचंच काही त्या क्षणी माझ्या हातात नव्हतं. धाकटीनं माझं मनगट धरलेलं होतं आणि ती मला सांगत होती, "आई, लाट आली की उडी मार, तिच्या आधी नको, नंतर नको." मी तिच्या सांगण्यावर उड्या मारत होते. ती अजूनही घरी कुणी आलं की पहिल्यांदा हेच सांगते, स्वतःच्या घसरगुंडीचं नाही.

पैशाचं म्हणशील तर भिशीत बसेल तेवढंच कर, वर उसने काढू नकोस. पोरांना खेळणी नको, टोपी नको, फोटोची फ्रेम नको. त्यापेक्षा एक तिकीट जास्त काढ.

ते कुणासाठी, सांगते. काल संध्याकाळी आईकडं गेले होते, तुझं चाललंय ते सांगितलं आणि म्हटलं, तूही जा त्यांच्याबरोबर. आधी म्हणाली, माझं काय काम तिथं. मग म्हणाली, गुडघे दुखतात. मी काहीच बोलले नाही. ती तांदूळ निवडत होती. ताट सरकवून थोड्या वेळानं विचारते, "आणि मग चपला कुणापाशी ठेवायच्या?"

मी उद्या दुपारी ड्रेस घ्यायला गांधी पार्कात जाणार आहे. आत्याबाईंचं माप टेपनं घेऊन सकाळी कळव. आईचं मी काल घेतलं.

तुझी ताई