आधी पाणी बघ, मग पक्षी

भाचीबाई, पोरांना घेऊन नांदूर मधमेश्वरला येणार म्हणतेस, तर निघण्याआधी मामाचं थोडं ऐकून घे. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, म्हणून लोक लांबून येतात. मनोऱ्यावर चढतात, दूर पाण्यावरचे काळे ठिपके बघतात, एकमेकांचे फोटो काढतात आणि ‘काही खास नाही’ म्हणत परत फिरतात. त्या ठिपक्यांमधून पक्षी कसे ओळखायचे ते मी सांगतो. त्यासाठी दोनशे नावं पाठ करायला नकोत. पाणी कुठे किती खोल आहे, एवढं कळलं की बाकीचं आपोआप जमतं.

गाळाला नावं ठेवू नकोस

इथे गोदावरीला कादवा मिळते. इंग्रजांच्या काळात कालव्यांसाठी संगमाखाली बंधारा बांधला, त्याचं पाणी आजही कोपरगाव-राहात्याच्या शेतांना जातं. शंभरहून जास्त वर्षं दोन्ही नद्या गाळ आणत राहिल्या आणि जलाशय उथळ होत गेला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे नुकसानच. पण त्याच गाळानं बेटं झाली, कडेला दलदल झाली, पाणकणीस माजलं आणि पक्ष्यांचं फावलं. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, जानेवारी 2020 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आल्याचं जाहीर झालं. तो मान मिळवणारी महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ. तेव्हा चिखलाच्या वासानं पोरांनी नाक मुरडलं तर त्यांना सांग, सगळं वैभव या चिखलाचंच आहे.

पाय बघ, चोच बघ

पक्ष्याचे पाय म्हणजे पाण्यात उभी केलेली मोजपट्टी समज. चिखलाच्या काठावर तुरुतुरु धावतात ते तुतवार, त्यांना घोटाभर पाणीही जास्त. त्याच्या पुढे लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. आणखी आत चित्रबलाक आणि चमचा. चमच्याची चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरताना दिसली की बाकी काही बघायला नको. रोहित आले असतील तर त्याच पट्ट्यात मान खाली घालून चालताना दिसतील.

आता बदकं. शेपटी आभाळाकडे आणि डोकं पाण्यात, अशी उलटी झालेली दिसली तर तिथे पाणी फार खोल नाही. तलवार बदक आणि आपलं हळदीकुंकू बदक हे त्यातलेच. चोचीवर तांबडं-पिवळं दिसलं की पोरं हळदीकुंकू लगेच ओळखतील. थापट्या मात्र पसरट चोचीनं पाण्याचा वरचा थर गाळत सरळ पोहत राहतो. आणि जे बदक बुडी मारून पार दिसेनासं होतं आणि भलतीकडेच वर येतं, तिथे पाणी खोल. लालसरी तिथली. टिबुकलीही बुडी मारते, पण ती एवढीशी असते. पानवेलींवर चालणारा कमळपक्षी आणि पाणकणसात शेपटी झटकत फिरणारी जांभळी पाणकोंबडी यांना खोलीचं सोयरसुतक नाही. त्यांना झाडोरा हवा.

मनोऱ्यावर गेलीस की आधी दुर्बिणीशिवाय पाण्याचे हे पट्टे पाड: चिखल, उथळ, खोल, झाडोरा. मग एकेका पट्ट्यात दुर्बीण लाव. उगाच सगळीकडे फिरवलीस तर फक्त मान दुखेल.

फोनवर विचारायचं ते हे

‘पक्षी आहेत का?’ असं इथल्या गाइडला विचारू नकोस, तो होच म्हणणार. ‘पाणी किती आहे?’ असं विचार. पावसाळ्यात वर गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सुटलं की इथून ते जायकवाडीकडे धो-धो जातं. तेव्हा उथळ जागा उरतच नाही, आणि पाय बुडेल तिथे शेकाट्या कशाला थांबेल? पाऊस गेला, पाणी उतरलं आणि चिखल उघडा पडला की मेजवानी सुरू. हिवाळ्यात कालव्याचं आवर्तन असतं, त्यानंही पातळी हलते आणि पक्षी जागा बदलतात. मागच्या रविवारी कुणाला दिसले तिथेच आज दिसतील, असं धरून चालू नकोस. डिसेंबर-जानेवारी गाठलेस तर उत्तम. लडाख आणि त्याच्याही पलीकडून आलेली मंडळी तोवर स्थिरावलेली असतात.

ऊन पाठीला, वाराही पाठीला

सकाळी पश्चिमेकडे बघ, संध्याकाळी पूर्वेकडे. ऊन समोर असलं की जांभळी पाणकोंबडीसुद्धा काळी दिसते. वाऱ्याचं फार कुणी सांगत नाही, ते मी सांगतो. पाणपक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि उडतातही वाऱ्याला सामोरेच. वारा तुझ्या पाठीवर असेल तर थव्याची तोंडं तुझ्याकडे असतील, नाहीतर तासभर नुसत्या शेपट्या बघत बसशील.

आणि अख्खा थवा एकदम उठला, आपल्याकडून कुणी आवाज केलेला नसला, तर थव्याकडे बघू नकोस. त्याच्या वर बघ. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख जरासे वर धरून पाणकणसावरून तरंगत येत असेल.

सामान थोडंच आण

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरे. दहा पटीची पोरांच्या हातात थरथरते. दुर्बीण लावण्याची रीत अशी: पक्ष्यावरून नजर हलवायची नाही, दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. पोरं नेमकं उलटं करतात, दुर्बिणीतून पक्षी शोधत बसतात. शिवाय गाइडकडे स्टँडवरची मोठी दुर्बीण असते, लांबचं त्यातून बघा.

कपडे मातकट, नाहीतर गवताच्या रंगाचे. पांढरा शर्ट आणि लाल टोपी घरी राहू दे. स्वेटर मात्र विसरू नकोस. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत इथल्या निफाडचं नाव दर हिवाळ्यात असतं, ते उगाच नाही. उजाडताना पाण्याकाठी बोटं आखडतात आणि नऊ वाजता त्याच स्वेटरचं ओझं होतं.

माहिती केंद्र आणि मनोरे चापडगावच्या बाजूला आहेत. निफाडहून आत वळल्यावर चापडगावच विचार. नुसतं नांदूर मधमेश्वर विचारलंस तर कुणी गावात पाठवेल, कुणी बंधाऱ्यावर.

पायवाटेवर डोळे खाली

वर पक्षी आहेत म्हणून पायाखाली बघायचं सोडू नकोस. हिवाळ्यात कोवळ्या उन्हाला घोणस वाटेवर येऊन पडते आणि पाचोळ्यात दिसत नाही. पोरांना बूट घाल, वाट सोडू देऊ नकोस. आजूबाजूला ऊस आहे आणि निफाड तालुक्यात उसात बिबट्या असतो, ही काही भीती घालायची गोष्ट नाही, रोजचं वास्तव आहे. दिवेलागणीला उसाच्या बांधानं फिरायचं नाही, लहानग्याला पुढे पळू द्यायचं नाही, आणि अंधार पडायच्या आत गाडीत बसायचं.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही. त्याला वाटतं हद्दीत दुसरा शिरला. तो खाणं सोडून भांडायला येतो, आणि इथे ना दुसरा असतो ना भांडण. पाव-चिवडा टाकायचा नाही. काठावर बोंबलणाऱ्या टिटवीच्या दिशेनं जायचं नाही; ती ओरडते तेव्हा अंडी किंवा पिल्लं जवळ असू शकतात.

गाइडशी घासाघीस नको

शेवटचं सांगतो, ते पैशाचं आहे म्हणून कमी महत्त्वाचं समजू नकोस. गाइड आसपासच्या गावांतली पोरं आहेत. ‘आम्हाला सगळं कळतं’ म्हणून त्यांना टाळू नकोस आणि ठरलेल्या पैशांत काटछाट करू नकोस. पाण्याभोवती माणसं शेती करतात, कुणी मासे धरतं, गुरं चारतात. पक्षी पिकात उतरले तर नुकसान त्यांचं होतं आणि अभयारण्याचे नियमही त्यांनाच पाळावे लागतात. घरातल्या एका पोराची चूल पक्ष्यांवर पेटत असेल, तर रात्री जाळं लावणाऱ्याला अडवायला गावातलंच माणूस उभं राहतं. चहा-नाश्ता गावातच कर. परतताना वाटेवरच्या शेतकऱ्याकडून द्राक्षं घे, तिथेही भाव पाडू नकोस. आणि गाइडचा नंबर जपून ठेव, म्हणजे पुढच्या वर्षी ‘पाणी किती आहे?’ हे त्यालाच विचारता येईल.