आषाढातील घरातले पीक

आषाढातील लावण आटोपून, चिखलाने माखलेली औते धुऊन मांगरात टेकवून ठेवली, की बेणणीला हात घालेपर्यंत सिंधुदुर्गातील शेतकऱ्याच्या वाट्याला जो थोडा मोकळा काळ येतो, त्या काळात बाहेर पाऊस कोसळत असता घराच्या आत, चार भिंतींच्या आडोशाला, काही पीक काढता येईल काय, असा प्रश्न मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावरच्या तालुक्यांतून अलीकडे वारंवार विचारला जातो. आणि तो प्रश्न मोठा शहाणपणाचा आहे, कारण जमीन तोकडी, डोंगरउतारावरची, कातळाची, आणि घरे मात्र चिऱ्याची, जाड भिंतींची, माजघरात भर दुपारीही गारवा धरणारी, अशीच या मुलखाची ठेवण आहे.

परंतु हा प्रश्न विचारणाऱ्यांत एक तरुण वर्ग असा असतो, की ज्याच्या मनात पीक आधीच ठरलेले असते. आपोआप फुलावर येणाऱ्या भांगेचे बी कोठून तरी मागवावे, बंद खोलीत दिवे टांगावेत, कुंड्या मांडाव्यात, आणि दोन-अडीच महिन्यांत झाड हाती यावे, एवढी माहिती त्याने गोळा केलेली असते. या विद्येमागील शास्त्र आमच्या शेतकऱ्याला अनोळखी नाही. गरव्या भाताच्या जुन्या जाती दिवस आखूड होऊ लागल्यावाचून पोटरीत येत नाहीत, आणि हळवे भात मात्र दिवसमानाची फारशी पर्वा न करता आपले वय भरले की निसवते. नेमका हाच भेद भांगेच्या कुळातही असून, मध्य आशिया आणि रशियाच्या थंड प्रदेशांतील, 1924 मध्ये यानिशेव्हस्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने वर्णिलेली ठेंगणी जात वयावर फुलते, आणि तिच्या संकरातूनच ही आपोआप फुलणारी झाडे निघालेली आहेत. शास्त्र एवढेच आहे, आणि ते मनोरंजकही आहे. पण लागवडीचा सल्ला मात्र या लेखात मिळणार नाही, कारण ती लागवड आपल्या देशात गुन्हा आहे, आणि कृषी सल्ल्याचे पहिले कर्तव्य शेतकऱ्याला तुरुंगाबाहेर ठेवण्याचे आहे.

अंमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा 1985 चा कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. त्याच्या आठव्या कलमाने भांगेचे कोणतेही झाड लावण्यास मनाई केली आहे. विसाव्या कलमाप्रमाणे अशा लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एक झाड की शंभर, अंगण की खोली, विक्रीसाठी की स्वतःसाठी, असा भेद मनाईच्या कलमाने केलेला नाही. शेंड्यापासून सुटे केलेले बी गांजाच्या व्याख्येत येत नाही, आणि 2021 पासून ते खाद्यपदार्थ म्हणून विकण्यासही मान्यता आहे. यावरून पुष्कळांचा असा समज होतो की बी चालते तर रोपही चालत असेल. तो समज घातक आहे. बी मातीत रुजवले की गुन्हा सुरू झाला.

किनाऱ्यावरील घरमालकांनी तर आणखी दोन कलमे ध्यानात ठेवावीत. आपल्या जमिनीत कोणी अशी लागवड केल्याचे कळल्यास ती बाब पोलिसांस किंवा संबंधित खात्याच्या अंमलदारास तत्काळ कळवणे शेचाळिसाव्या कलमान्वये जमीनधारकावर बंधनकारक असून, जाणूनबुजून केलेली हयगय शिक्षेस पात्र आहे. आणि आपले घर किंवा खोली अशा कामासाठी वापरू देणाऱ्या मालकास वा कब्जेदारास पंचविसावे कलम लागू होते. तारकर्ली, देवबागच्या बाजूस पर्यटकांना महिनोन् महिने खोल्या भाड्याने देण्याचा प्रघात पडला आहे. त्या खोल्यांत रात्रंदिवस प्रखर दिवे कशासाठी जळतात याची चौकशी मालकाने वेळीच करावी, पंचनाम्याच्या वेळी नव्हे. सरपंच आणि पंच यांच्यावरही खबर देण्याची जबाबदारी याच कायद्याने टाकली आहे.

इंग्रजी अमदानीत खांडव्याच्या परिसरात गांजाचे पीक सरकारी परवान्याने होत असे, आणि 1893 मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाने त्याचा सविस्तर वृत्तांत सात खंडांत नोंदवून ठेवला, हा इतिहास खरा. आणि अलीकडे 2018 पासून उत्तराखंडाने धाग्यासाठी व बियांसाठी, अल्प मादकतेच्या जातींपुरता, परवाना देण्यास आरंभ केला, हेही खरे. चौदाव्या कलमात औद्योगिक कारणासाठी परवानगीची वाट ठेवलेली आहे. पण ती वाट शासनाच्या परवान्यातून आणि त्याच्या अटींतून जाते, खोलीतल्या कुंडीतून जात नाही. जुन्या सनदेचा दाखला आजच्या तलाठ्यापुढे चालत नसतो.

आता त्याच खोलीचा विचार करू. जिला ऊन नको, जिचे तापमान वीस ते तीस अंशांत खेळावे, जिच्यात दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर असावा, आणि जिथे तीन-चार आठवड्यांत पीक तोडणीस यावे, अशी खोली असेल तर तिचे नैसर्गिक पीक धिंगरी अळंबी हे आहे. ज्या हवामानासाठी देशावरच्या उत्पादकाला फवारे बसवावे लागतात, ते हवामान मालवणच्या किनाऱ्यावर आषाढ ते आश्विन असे चार महिने फुकट मिळते. धिंगरीची पद्धतशीर लागवड प्रथम जर्मनीत 1917 मध्ये फाल्क याने केली. आपल्याकडे भाताच्या पेंढ्यावर तिचे संवर्धन म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी 1962 मध्ये सिद्ध केले. पेंढा आणि दमट हवा या दोहोंची जिथे रेलचेल आहे त्या कोकणात हे पीक घरोघर नसावे, याचे नवल वाटते.

पेंढा निवडण्यातच निम्मे काम आहे. गेल्या कार्तिकातला, झोडणीनंतर वाळवून मांगरात किंवा माळ्यावर कोरडा ठेवलेला, पिवळाधमक पेंढा घ्यावा; उडवीच्या बुडचा, पावसाने भिजून काळवंडलेला, कुबट वास येणारा पेंढा कितीही फुकट मिळाला तरी घेऊ नये, कारण त्यात इतर बुरश्या आधीच ठाण मांडून बसलेल्या असतात. त्याचे विळीने किंवा कोयत्याने दोन बोटे लांबीचे, म्हणजे तीन ते पाच सेंटिमीटरचे, तुकडे करून ते रात्रभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवावेत. किनाऱ्यालगतच्या ज्या विहिरींना खारे पाणी लागते, त्यांचे पाणी येथेही नको आणि पुढे शिंपडण्यासाठीही नको. सकाळी पाणी निथळू देऊन, न्हाणीच्या चुल्यावर मोठ्या पिंपात ऐंशी अंश तापमानाच्या पाण्यात तो पेंढा पूर्ण तासभर ठेवावा. पेंढा घातला की पाणी निवते, म्हणून जाळ चालू ठेवावा, आणि तास मोजायचा तो तापमान पुन्हा ऐंशीवर आल्यापासून. बुरशीनाशक व फॉर्मेलिन यांच्या द्रावणात पेंढा बुडवण्याची दुसरी पद्धत प्रचलित आहे. पण राहत्या घरात, लेकराबाळांच्या वावरात, प्रथमच हे काम करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निर्जंतुक झालेला पेंढा धुतलेल्या प्लास्टिकच्या कागदावर पसरून निववावा. तो किती ओला असावा याची परीक्षा मुठीत आहे. मूठभर पेंढा घट्ट आवळला असता बोटांच्या फटीतून पाण्याचा थेंब गळू नये, आणि मूठ उघडल्यावर तळवा मात्र ओलसर राहावा. थेंब गळला तर अजून थांबावे. पावसाळ्यात पेंढा वाळायला वेळ लागतो आणि माणसाला धीर निघत नाही. बहुतेक पहिल्या पिशव्या याच ठिकाणी फुकट जातात.

बियाणे, ज्याला सर्वत्र स्पॉन म्हणतात, ते गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेले असते. पिशवीतले दाणे पांढऱ्या तंतूंनी एकसारखे वेढलेले असावेत; हिरवा, काळा वा पिवळा ठिपका दिसला तर ती पिशवी परत करावी. ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या दोन टक्के बियाणे पुरते. हिशोब सोपा आहे: दहा किलो कोरडा पेंढा भिजून निथळल्यावर 28 ते 30 किलो भरतो, त्यास सुमारे 600 ग्रॅम बियाणे लागते, आणि पाच-पाच किलोच्या सहा पिशव्या होतात. 35 गुणिले 55 सेंटिमीटरच्या पिशवीत चार-पाच थर द्यावेत, प्रत्येक थरावर, विशेषतः कडेने, बियाणे पसरावे, हाताने दाबत जावे, तोंड बांधावे, आणि जाळावर धरून निववलेल्या दाभणाने वीस-पंचवीस छिद्रे पाडावीत. हात साबणाने धुतलेले हवेत, दारे-खिडक्या बंद हव्यात, आणि पंखा चालू नको.

यानंतर पंधरा ते अठरा दिवस पिशव्यांना अंधार द्यावा आणि त्यांच्याकडे केवळ पाहावे. उचलून, हलवून, उघडून पाहण्याची अनिवार इच्छा होते, ती आवरावी. पांढरे तंतू हळूहळू साऱ्या पेंढ्यात भिनून पिशवी दुधाळ, कडक ढेप झाली म्हणजे प्लास्टिक कापून काढावे आणि ती ढेप शिंक्यात टांगावी किंवा बांबूच्या मांडणीवर एकमेकींपासून वीतभर अंतराने ठेवावी. मात्र आता अंधार पुरे. वर्तमानपत्र वाचता येईल इतका मंद उजेड आणि खेळती हवा या दोन गोष्टी याच टप्प्यावर लागतात, आणि गोणपाट ओले करून खिडकीला बांधले म्हणजे दोन्ही साधतात. पाऊस धरून असेल तर ढेपांवर दिवसाकाठी एक हलका फवारा पुरे. उघडीप पडली, वारा सुटला, तर दोन-तीन द्यावेत.

तीन ते पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात आणि आणखी तीन-चार दिवसांत ते तळहाताएवढ्या शिंपल्यांच्या घोसात वाढतात. या दिवसांत पीक स्वतःच आपली तक्रार सांगत असते, ती वाचता आली पाहिजे. देठ लांबलचक आणि छत्री बटणाएवढी राहिली तर खोलीतली हवा कोंडली आहे असे समजून खिडकी उघडावी. अंकुर पिवळे पडून सुकले तर पाणी किंवा दमटपणा कमी पडला. ढेपेवर हिरवा डाग उठला तर ती बुरशी पसरण्याआधी ढेप बाहेर नेऊन पुरून टाकावी, केवळ डाग खरवडून भागत नाही. शाईसारखी काळी पडून विरघळणाऱ्या नाजूक छत्र्या उगवल्या, तर पेंढा वाजवीपेक्षा ओला भरला गेला होता. चिलटांसाठी खिडकीस बारीक जाळी पावसाआधीच मारून घ्यावी.

तोडणीची वेळ छत्रीच्या कडेवरून ठरवावी. कड पातळ होऊन वळू लागण्याच्या बेतात आली की त्याच दिवशी, पाणी मारण्यापूर्वी, देठाशी धरून घोस पिळून काढावा. सुरीने कापून बुडखा ढेपेत ठेवू नये, तो कुजतो. उशीर केला तर छत्रीखालून भुकटीसारखे बीजाणू झडतात, आणि बंद खोलीतील ते बीजाणू छातीत जाऊन खोकला, धाप यांचा त्रास होतो; म्हणून तोडणारांनी नाकातोंडावर फडके बांधावे, आणि दमेकरी माणसाच्या निजण्याच्या खोलीत हे पीक कदापि घेऊ नये. पहिल्या तोडणीनंतर आठ-दहा दिवसांनी दुसरी, तशीच तिसरी, आणि मग ढेप माडाच्या आळ्यात किंवा गांडूळखतात टाकावी. तीनही तोडण्या मिळून एक किलो कोरड्या पेंढ्यामागे अर्धा ते पाऊण किलो ताजी अळंबी निघाली, तर प्रथम प्रयत्नाला ते उत्पन्न चांगले समजावे.

विक्रीच्या बाबतीत आमच्या किनाऱ्याचे पंचांग उत्पादकाला अनुकूल आहे. आषाढाच्या उत्तरार्धात भरलेल्या पिशव्या श्रावणात तोडणीला येतात आणि त्यांची शेवटची तोडणी चतुर्थीच्या सुमारास होते. 1 जून ते 31 जुलै मासेमारीवर बंदी असते. ती उठते न उठते तोच श्रावण पाळणाऱ्या घरांत मासळी वर्ज्य होते. आणि मालवणी जिभेला वाटपाच्या रसाची आच तर लागलेलीच असते. रानातली, वारुळावर उगवणारी अळंबी त्याच दिवसांत बाजारात येते व हातोहात खपते. पण वारुळावरची अळंबी वाळवीच्या सहवासावाचून वाढत नाही, म्हणून ती घरी लावता येत नाही, आणि रानातली अनोळखी अळंबी खाऊन विषबाधा होण्याचा धोकाही कायम असतो. धिंगरीच्या बाबतीत तो संशय नाही, कारण बियाणे शुद्ध असते. काही घरांत अळंबी श्रावणात चालत नाही, हे ध्यानात घेऊन आधी आपल्या वाडीत आणि खाणावळींत विचारपूस करावी, मगच पिशव्यांची संख्या ठरवावी. ताजा माल साध्या हवेत दिवस-दोन दिवसच टिकतो. सुकवल्यास दहा किलोचा एक किलो होतो खरा, पण पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नसल्याने विजेचे वाळवणयंत्र जवळ असल्याशिवाय सुकवण्याचा बेत करू नये.

प्रथमच लावणाऱ्याने सहा पिशव्यांवर थांबावे. मालवण तालुक्यातच किर्लोस येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि दापोलीस 1972 पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे. प्रशिक्षणाच्या तारखा आणि शुद्ध बियाण्याची उपलब्धता या दोन्हींची चौकशी तेथे ज्येष्ठातच करून ठेवावी. बियाणे ताजे असतानाच वापरायचे असते, म्हणून पेंढा चिरून, पिंप आणि पिशव्या तयार ठेवून मगच ते घरी आणावे, आणि आणताना उन्हात उभ्या गाडीत किंवा एस.टी.च्या इंजिनाजवळ ठेवू नये.