हिरकणीसाठी दरवाजा : मीरा-भाईंदरमधील नवमाता आणि स्तनपान

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपणां सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. गडाखालच्या वाडीतील ही गवळण कोजागिरीच्या दिवशी दूध घालण्यासाठी गडावर गेली. परतायला उशीर झाला आणि गडाचे दरवाजे बंद झाले. नियम म्हणजे नियम, पहारेकरी तरी काय करणार? घरी तान्हे बाळ भुकेले होते. अखेर अंधारात कडा उतरून ती माउली बाळापाशी पोहोचली. पुढे त्या कड्यावर बुरूज बांधून त्यास तिचे नाव देण्यात आले, असे सांगतात.

या कथेतून आपण मातृप्रेमाचा बोध घेतो आणि तो योग्यच आहे. परंतु समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीच्या मनात आणखी एक विचार येतो. आईला कडा उतरावा लागला, कारण तिच्यासाठी दरवाजा उघडला नाही. आजही आपण आईच्या त्यागाची स्तुती करतो आणि दरवाजाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. बाळाला अंगावर पाजणे हे काम आईचे खरे. पण ते सुखरूप पार पडावे यासाठी लागणारा आधार देणे हे काम घराचे, शेजाऱ्यांचे, दवाखान्याचे आणि शासनाचे आहे. प्रस्तुत लेखात आपल्या मीरा-भाईंदर परिसराच्या संदर्भात या आधाराचा विचार करावयाचा आहे.

जुनी व्यवस्था

पूर्वी पहिले बाळंतपण माहेरी होत असे. बाळंतिणीची वेगळी खोली, शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तेल लावून न्हाऊ घालणारी बाई आणि सव्वा महिना विश्रांती असा तो परिपाठ होता. बाळ कसे धरावे, छाती दाटली तर काय करावे, हे आई, मावशी किंवा आजी जवळ बसून दाखवीत. कित्येक मुलींनी लहानपणापासून घरातील बायकांना बाळ पाजताना पाहिलेले असे. त्यामुळे हे शिक्षण पुस्तकाविना होई.

अर्थात जुने ते सारे सोने होते असे नाही. पहिले पिवळसर, दाट दूध म्हणजे चीक हे 'वाईट' समजून अनेक घरांत पिळून टाकीत. बाळाला मध, साखरेचे पाणी किंवा गुटी चाटवीत. वास्तविक चिकात बाळाचे रोगांपासून रक्षण करणारे घटक भरपूर असतात. त्याला बाळाची पहिली लस म्हणतात ते उगीच नव्हे. मध तर वर्षाच्या आतील बाळाला धोकादायक ठरू शकतो. म्हणून जुन्या व्यवस्थेतील माया ठेवावी आणि चुकीच्या समजुती टाकाव्यात, हेच शहाणपणाचे.

आपल्या परिसराचे चित्र

भाईंदर म्हणजे एके काळी खाडी, मिठागरे, शेती आणि राई, मुर्धे, मोर्वा, नवघर, गोडदेव, उत्तन अशी गावे. १९८५ साली येथे नगरपालिका आली व २००२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाखांवर गेली होती. मुंबईत घर परवडेना म्हणून लोक येथे आले. कोणी कोकणातून, कोणी घाटावरून, कोणी गुजरात-राजस्थानातून, तर कोणी उत्तर भारतातून आले. घर मिळाले, परंतु आजी, मावशी आणि माहेर गावीच राहिले.

येथील नवमातेचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पती पहाटेची लोकल धरून चर्चगेटकडे जातो आणि रात्री परततो. बंद दाराआड आई आणि चार दिवसांचे बाळ एवढेच दोघे उरतात. उत्तनच्या कोळी भगिनींना मासळी विकायला जावे लागते, भाईंदर पूर्वेच्या कारखान्यांत व घरोघरी धुणी-भांडी करणाऱ्या स्त्रियांना मजुरी बुडवून चालत नाही. त्यांची अडचण निराळी, पण एकटेपण तेच.

माझ्या वहिनीच्याच बाबतीत हे आम्ही अनुभवले. तिची आई आजारी असल्याने येऊ शकली नाही. शस्त्रक्रिया करून बाळंतपण झाले. तिसऱ्या दिवशी बाळ सारखे रडू लागले. 'दूध पुरत नाही' असे जो तो सांगू लागला, आणि त्याच रात्री भाऊ पावडरीचा डबा घेऊन आला. घरी आल्यावर छातीला भेगा पडल्या, पाजताना वहिनीच्या डोळ्यांत पाणी येई. आम्ही सारे तिला धीर धर म्हणत होतो, पण काय करावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. सातव्या दिवशी आशाताई आल्या. त्यांनी बाळ पिताना पाहिले, उशीची जागा बदलली, बाळाला पुरते कुशीत वळवले आणि अर्धा तास तिथेच बसून राहिल्या. दूध होतेच, बाळाच्या तोंडात फक्त स्तनाग्र जात होते. पुढच्या आठ-दहा दिवसांत डबा माळ्यावर गेला. त्या अर्ध्या तासाने जे झाले ते आमच्या आठवडाभराच्या उपदेशाने झाले नव्हते.

दूध कसे येते?

ही साधी माहिती प्रत्येक तरुण-तरुणीस असावी. बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूला संदेश जातो व दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते वाहू लागते, म्हणजेच पान्हा फुटतो. बाळ जितके पिईल आणि छाती जितकी रिकामी होईल, तितके दूध अधिक बनते. उलट वरचे दूध सुरू केले की बाळ कमी चोखते, त्यामुळे अंगावरचे दूध खरोखरच कमी होते आणि भीती खरी ठरते. वेदना, काळजी व अपमान यांमुळे पान्हा अडखळतो. म्हणून बाळंतिणीला घालूनपाडून बोलणे हे बाळाच्या तोंडचे दूध अडविण्यासारखेच आहे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक थोडाच येतो, पण नवजात बाळाचे पोटही इवलेसे असते. दुधाचा भर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतो. बाळाने चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिणे स्वाभाविक आहे, त्यात रात्रही आली. पाजताना बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही बराचसा तोंडात जावा. दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ दिवसाकाठी निदान सहा वेळा लघवी करीत असेल, आणि सुरुवातीस किंचित घटलेले वजन सुमारे दोन आठवड्यांत भरून निघाले, तर दूध पुरते आहे असे समजावे. बाळ सुस्त पडून पीत नसेल, लघवी कमी होत असेल, किंवा आईला ताप येऊन छाती लाल व दुखरी झाली असेल, तर मात्र विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू करावे, सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, पाणीसुद्धा नको, आणि त्यानंतर घरच्या मऊ अन्नाबरोबर दोन वर्षे व पुढेही पाजावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात शंभरांपैकी सुमारे ८९ बाळंतपणे दवाखान्यांत होतात. परंतु पहिल्या तासात दूध मिळणारी बाळे शंभरांत सुमारे ४२ च आहेत. आई दवाखान्यापर्यंत पोहोचली, पण आधार अजून तेथे पुरता पोहोचला नाही, हाच या आकड्यांचा अर्थ.

काही मातांना आजारामुळे किंवा अन्य कारणाने पाजता येत नाही. अशा वेळी वैद्यकीय सल्ल्याने दुसरा मार्ग घ्यावा लागतो. त्यात आईचा दोष नसतो आणि तिला तो लावणे हा अन्याय आहे.

उघडलेले दरवाजे

या कामी महाराष्ट्राची कामगिरी लहान नाही. १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. एका आईने दान केलेले दूध तपासून व उष्णतेने निर्जंतुक करून दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला देण्याची ही सोय आहे. १९९१ साली वर्धा येथे स्तनपानाच्या प्रचारासाठी 'बीपीएनआय' ही राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९९२ च्या कायद्याने बाळांच्या पावडरीची व दुधाच्या बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुने आणि डब्यांवर गुटगुटीत बाळांची चित्रे यांना बंदी घातली. २००३ साली तो अधिक कडक झाला.

डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावातील बायकांनाच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकविले व बालमृत्यू पुष्कळ कमी करून दाखविले. त्या अनुभवाच्या आधारे २०११ पासून देशभर आशाताईंच्या गृहभेटींची योजना आली. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी त्यात ठरलेल्या आहेत. आमच्या घरी आलेली सातव्या दिवसाची भेट ही त्यांपैकीच एक.

नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि पन्नास वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर सक्तीचे झाले. परंतु मासळी विकणाऱ्या वा घरकाम करणाऱ्या स्त्रीला ही रजा कोण देणार? हा दरवाजा अजून बंदच आहे.

एस.टी. स्थानकांवर व शासकीय कार्यालयांत मातांसाठी जी खोली असते तिला 'हिरकणी कक्ष' असे नाव दिले आहे. नाव अतिशय समर्पक आहे. मात्र डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळासह नागपूर अधिवेशनास आल्या आणि पुढील अधिवेशनात विधानभवनातील अशा कक्षाच्या दुरवस्थेबद्दल त्यांना तक्रार करावी लागली. आमदाराची ही कथा, तर सामान्य स्त्रीची काय असेल? दारावर पाटी लावली म्हणजे दार उघडले असे होत नाही.

आपण काय करू शकतो?

घरात बाळंतीण असेल तर तिला उपदेश करण्यापूर्वी पाण्याचा तांब्या द्यावा. पाजताना तिला तहान लागते. दुपटी धुणे, स्वयंपाक करणे, ढेकर काढण्यासाठी बाळाला खांद्यावर घेणे ही कामे पुरुषांनाही येतात. बाळाचे वजन पाहायला आलेल्या पाहुण्यांनी 'दूध पुरतं ना?' हा प्रश्न गिळून टाकावा. प्रत्येक इमारतीत चार मुले वाढविलेली एखादी काकू असते आणि शास्त्र जाणणारी आशाताई वस्तीत असते; या दोघींची नवमातेशी गाठ घालून देणे फारसे अवघड नाही. दर वर्षी १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह असतो. त्या आठवड्यात आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी परिसरातील मातांना एकमेकींना भेटविणारा एखादा मेळावा घेतला, तर त्यास मोठा खर्च येणार नाही. मेळाव्यात भाषणे थोडी आणि गप्पा पुष्कळ असाव्यात.

हिरकणीच्या नावाचा बुरूज रायगडावर आहे आणि तो राहावा. पण आपल्या इमारतीतील, आपल्या गल्लीतील हिरकणीला कडा उतरण्याची पाळीच येऊ नये, एवढे आपल्या हाती आहे. आज संध्याकाळी घरी जाताना शेजारच्या बंद दाराआडून तान्ह्याचे रडणे ऐकू आले, तर आपल्या आईला किंवा बहिणीला सोबत घेऊन ते दार जरूर वाजवावे.